उजवा हात दर्याचा

विलेपार्ल्याच्या पूर्वेला, जिथवर बिस्किटांच्या कारखान्याचा गोडसर वास पोचायचा, तिथल्या एका बैठ्या कौलारू घरात माणिक नेरूरकर राहत होती. गल्लीतल्या बायका तिला लेखिकाबाई म्हणायच्या आणि म्हणताना ओठाचा कोपरा जरा मुडपायच्या. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बोलायला आयतंच निमित्त. ‘कथाच जन्माला घालते बिचारी,’ असं हळदीकुंकवाला एकीनं म्हटलेलं दुसरीनं मुद्दाम येऊन माणिकला सांगितलं. माणिकनं ते वाक्य पुढच्याच कथेत वापरलं. तिचा स्वभावच असा होता. जे मनाला लागायचं ते ती लगेच कामाला लावायची. हा गुण म्हणायचा की खोड, ते पुढे दिसेलच.

नवरा श्यामसुंदर फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होता. मितभाषी, मासळीचा शौकीन, बायकोच्या लिहिण्याचा त्याला ना अभिमान ना अडथळा. सकाळी तो कामाला गेला की माणिक स्वयंपाकघरातच पाट टाकून लिहायला बसायची. सोलकढीचा नारळ वाटून झाला, भात मुरायला ठेवला, की कागद पुढ्यात. मालवणला शाळामास्तर असलेल्या तिच्या वडिलांनी, अण्णांनी, लहानपणी तिला एकच गोष्ट शिकवली होती: लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायचं, जीभ अडखळली की तिथं खोटं आहे. रिकाम्या घरात माणिक आपल्या कथा भांड्यांना वाचून दाखवायची. मासिकं छापायची. वाचकांची पत्रं यायची, त्यातली निम्मी ‘श्रीयुत माणिक नेरूरकर’ यांना.

स्वातंत्र्यानंतर दोनतीन वर्षांनी अंधेरीच्या एका स्टुडिओत तिला संवाद लिहायचं काम मिळालं. पौराणिक बोलपटांचा कारखानाच होता तो. पतिव्रतांच्या तोंडी घालायचं रडणं माणिकच्या लेखणीतून उतरायचं आणि पडद्यावर नाव यायचं दिग्दर्शकाच्या मेहुण्याचं. ऐन वेळी नटीला वाक्य जड गेलं तर बदलून द्यायला माणूस हवा, म्हणून माणिकला सेटवर एका कोपऱ्यात स्टूल मिळालं. त्या स्टुलावर बसून तिनं सगळं शिकून घेतलं. लवू परब नावाचा मालवणकडचा कॅमेरामन होता, तो गाववाली म्हणून तिला मान द्यायचा. दुपारच्या सुट्टीत तो तिला कॅमेऱ्याला डोळा लावू द्यायचा. त्या चौकटीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणिकला वाटलं, आपण इतकी वर्षं जे शब्दांनी करत आलो ते इथं नुसत्या बघण्यानं होतंय. तिथून तिच्या डोक्यात भूत शिरलं ते शिरलंच. आपण लिहिलेला, आपण काढलेला एक बोलपट, आणि पडद्यावर आपलं नाव, दुसऱ्या कुणाचं नाही. याखेरीज तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही, आणि यासाठी काय द्यावं लागेल याचा हिशेबही मांडला नाही.

तिच्या दारावर वर्सोव्याची पार्वती कोळीण मासळी घेऊन यायची. वर्सोव्याला ती वेसावा म्हणायची. ‘म्हावरा घे गो बाऽय’ अशी तिची हाक गल्लीच्या तोंडाशी उठली की श्यामसुंदर सुट्टीच्या दिवशी पेपर बाजूला ठेवायचा. पार्वती ओसरीवर पाटी उतरवायची, घासाघीस करायची, मग मासळी खपली की पाय पसरून बसायची आणि माणिकच्या हातचा चहा प्यायची. एकदा माणिकचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. डाव्या हातात हिरवा चुडा, आणि उजव्या हातात काच नावाला नाही, नुसता चांदीचा गोठ. लेखिका झाली तरी माणिक घरंदाज सुवासिनी होती. सवाष्ण बाईचा हात काचेवाचून पाहून तिच्या काळजात चर्र झालं. तिनं विचारलं. पार्वती हसली.

“डावा हात घोवाचा, बाय. उजवा दर्याचा. लगनात आमी त्यातली काच दर्याला देतो. मंग दर्या आमच्या मानसाला सांबालतो.”

माणिकनं हातातला कप खाली ठेवला. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात. आणि या बायका लग्नाच्या दिवशीच अर्धा चुडा समुद्राच्या हवाली करून मोकळ्या होतात. तिनं आणखी विचारलं, पार्वती सांगत गेली, आणि सांगता सांगता आपल्या भावजयीवर आली.

पार्वतीचा धाकटा भाऊ महादू. नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर गेला आणि वादळात सापडला. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, बरोबरच्यांची प्रेतं लागली, महादू तेवढा लागला नाही. घरच्यांनी वाट पाहिली, मग गवताचा पुतळा करून जाळायचं ठरवलं. त्याची बायको मथुरा आडवी आली. डाव्या हातातला चुडा तिनं कुणाला उतरवू दिला नाही. मेला असता तर दर्यानं आणून टाकला असता, दर्या कुणाचं ठेवून घेत नाही, आणि उजवा हात मी त्याला दिलाय, तो मला फसवायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. गावानं समजावलं, धमकावलं, शेवटी नाद सोडला. सासू तिच्याशी बोलेनाशी झाली. दर सणाला कासार वाड्यात आला की मथुरा डावा हात पुढे करायची आणि तो मान खाली घालून बांगड्या भरायचा. हे सांगताना पार्वतीचे डोळे कोरडे होते. भाऊ तिचाही गेला होता, पण मथुरेच्या हट्टामुळे तिलाही रडायची सोय राहिली नव्हती.

त्या रात्री श्यामसुंदरनं स्वतःच्या हातानं पान वाढून घेतलं. माणिक लिहीत होती.

ती कथा एका दिवाळी अंकात आली आणि गाजली. घाटकोपरच्या नंदकिशोर शेठपर्यंत पोचली. शेठचा कापडाचा मोठा व्यापार, आणि बोलपटात पैसा घालायची हौस. त्यांच्या मराठी मुनीमानं त्यांना कथा वाचून दाखवली तेव्हा शेठनी उपरण्यानं डोळे पुसले म्हणे. त्यांनी माणिकला बोलावून घेतलं. माणिक म्हणाली, गोष्ट देते, पण बोलपट मीच काढणार. शेठ आधी हसले. मग ‘बाईनं काढलेला बोलपट’ हे जाहिरातीत बरं दिसेल, असं त्यांच्या व्यापारी डोक्यात आलं असावं. ते हो म्हणाले. घरी येताना माणिकनं पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटले. ओठ मुडपणाऱ्या बायकांनीही ते खाल्ले.

बोलपटाचं नाव ठेवलं ‘दर्याचं देणं’. अर्धं काम अंधेरीच्या स्टुडिओत झालं, अर्धं वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. माणिक डोक्याला पदर गुंडाळून वाळूत उभी राहायची, ऊन नटांवर परतवायला चंदेरी कागद लावलेले फळे धरणाऱ्या पोरांवर ओरडायची, आणि लवूखेरीज कुणी तिला मनापासून साहेब मानत नव्हतं तरी सगळे ऐकत होते. इतकी खूश ती आयुष्यात कधी नव्हती. घरी आली की तिच्या पदराला बोंबलाचा वास यायचा आणि श्यामसुंदर म्हणायचा, आता बाजारात जायची गरजच नाही.

अडलं ते शेवटापाशी. कथेचा शेवट असा होता की कितीतरी वर्षांनी मथुरा, म्हणजे बोलपटातली नायिका, किनाऱ्यावर येऊन होडीच्या काठावर हात आपटते आणि आपल्या हातानं चुडा फोडते. दर्यानं फसवलं हे ती कबूल करते. सगळा बोलपट या एका क्षणाकडे चाललेला होता. आणि नायिकेचं काम करणारी अनुपमा म्हणाली, मी हे करणार नाही. तिचं नुकतंच लग्न झालेलं. सासूनं शपथ घातली होती, सिनेमातसुद्धा हातातली काच वाढवायची नाही. तिचा नवरा स्टुडिओत येऊन हात जोडून उभा राहिला. माणिकला ते पटलं. पटलं म्हणजे, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. नव्या नवरीवर कशाला जबरदस्ती, असं ती म्हणाली आणि दुसरी वाट शोधू लागली.

दुसरी वाट तिला लगेच दिसली. तोंड दाखवायची गरज नाही. फक्त हात. जवळून घेतलेले, कोळणीचे खरे हात, मिठानं चरे पडलेले, मनगटावर गोंदलेली मासळी असलेले. किनाऱ्यावरच्या कामाच्या दिवसांत मथुरेचे असे हात तिनं पाहिले होते.

रात्री जेवताना तिनं हे श्यामसुंदरला सांगितलं. तो सरंग्याचे काटे काढत होता. एक काटा ताटाच्या कडेला ठेवत त्यानं विचारलं, “तू वाढवशील तुझ्या बांगड्या, कॅमेऱ्यापुढे?”

“माझे हात कोळणीचे दिसत नाहीत.”

“मी दिसण्याचं विचारलं नाही,” तो म्हणाला, आणि पुन्हा काट्यांकडे वळला.

माणिकला राग आला. साधा प्रश्न विचारायचा आणि माणसाला अपराधी करून सोडायचं, ही शांत माणसांची रीत तिला नेहमीच झोंबायची. ती तडक दुसऱ्या दिवशी पार्वतीला घेऊन मथुरेकडे गेली.

मथुरा अंगणात सुकट पसरत होती. बाई अंगानं काटक, बोलणं मोजकं. माणिकचं म्हणणं तिनं काम न थांबवता ऐकलं आणि मान हलवून नाही म्हटलं. माणिकनं सांगितलं की हे खोटं असतं, नाटकात राजा मरतो आणि पडदा पडला की विडी ओढतो, तसं. मथुरेनं पुन्हा मान हलवली. पार्वतीही म्हणाली, बाय, तिला नको सांगू. तिथं माणिकनं उठायला हवं होतं. ती उठली नाही. आपल्याला हवं ते वाक्य जिभेवर येईपर्यंत ती बसून राहिली, जशी ती कागदापुढे बसायची, आणि वाक्य आलं.

“मथुरा, हा बोलपट बंदराबंदरांवर जाईल. रत्नागिरीला, वेरावळला, पार कराचीपर्यंत. महादू कुठं लागला असेल तिथं त्याला तुझे हात दिसतील. गोंदण ओळखेल तो. आपल्याला मेला समजून बायको चुडा फोडतेय, हे बघून माणूस गप्प बसेल?”

मराठी बोलपट वेरावळला कोण लावतो? कराचीत कोण बघतो? माणिकला हे पुरतं ठाऊक होतं. ते वाक्य तिनं अण्णांनी शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं म्हटलं आणि जीभ कुठंही अडखळली नाही.

मथुरेचे हात सुकटात थांबले.  मग तिनं विचारलं, “तो बघल?”

“बघेल,” माणिक म्हणाली.

शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी ओहोटीच्या वेळी ते काम ठरलं. वाळूवर ओढलेल्या एका जुन्या होडीच्या काठाशी लवूनं कॅमेरा लावला. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या आड कोळीवाड्यातल्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. माणिकच्या पिशवीत अंधेरीच्या कासाराकडून आणलेल्या हिरव्या बांगड्यांचे दोनतीन जादा जोड होते. एखादा शॉट पहिल्या वेळी साधत नाही, पुन्हा घ्यावा लागतो, हे स्टुलावर बसून शिकलेली बाई ती. तयारीनिशी आली होती.

मथुरेनं डावा हात वर नेला आणि काठावर आपटला. काच फुटली. त्याबरोबर तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता. जाळं ओढताना बायका मिळून जोर लावतात, तसा काहीसा. मनगटाला काच लागून रक्त आलं. माणिकच्या अंगावर काटा उभा राहिला, आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, हेच हवं होतं. तिनं वळून लवूकडे पाहिलं. लवू खाली बघत होता. मथुरेनं हात आपटताच फळा धरणाऱ्या पोरानं दचकून तो सोडला होता आणि हातांवर सगळी सावली पडली होती.

“बाई,” लवू हळूच म्हणाला, “ह्यां काय उपेगाचां नाय. पण ऱ्हवांदे. जाव द्या आता.”

माणिकनं पिशवी उघडली. मथुरेपाशी जाऊन तिनं तिचं मनगट आपल्या पदरानं पुसलं आणि स्वतःच्या हातानं नव्या बांगड्या भरायला लागली. मथुरा तिच्याकडे बघत राहिली. एकदा फुटल्यावर परत कशा भरतेस, असं काहीतरी ती पुटपुटली. माणिक म्हणाली, त्या वेळी दिसलं नाही नीट, त्याला ओळखू यायला हवं ना. मथुरेनं हात सैल सोडला. दुसऱ्या वेळी तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं म्हणून शॉट वाया गेला. तिसऱ्या वेळी सगळं जमलं. ऊन चांगलं होतं, रक्त दिसत होतं, गोंदलेली मासळी दिसत होती. घशातून आवाज तेवढा निघाला नाही, पण आवाज नंतर भरायचाच होता. लवूनं ओके म्हटलं. मथुरा उठून पाण्याकडे गेली आणि हात धुऊन आली. “आता तो बघल,” ती पार्वतीला म्हणाली.

तिचा हिशेब साधा होता. पण गावाचा हिशेबही साधा होता. सगळ्यांदेखत, आपल्या हातानं, दर्याच्या साक्षीनं तिनं चुडा फोडला होता, तोही एकदा नाही. सासू म्हणाली, आता काय राहिलं? आठवडाभरात गवताचा पुतळा जळला. पुढच्या सणाला कासार वाड्यात आला तो मथुरेचं दार टाळून पुढे गेला. माणिकला हे पार्वतीनं सांगितलं तेव्हा ती भयंकर अस्वस्थ झाली. बांगड्यांचा जोड घेऊन ती पुन्हा वर्सोव्याला गेली. मथुरेनं तो घेतला, फडताळावर ठेवला, आणि विचारलं, शिनेमा कवा लागनार?

बोलपट तयार झाला. स्टुडिओतल्या छोट्या खोलीत नंदकिशोर शेठ, त्यांच्या ओळखीचे दोन थिएटरवाले आणि माणिक यांनी तो पाहिला. शेवट आला तेव्हा शेठ खरोखर रडले. 

“बाई, मी रडलो,” ते म्हणाले. “म्हणूनच सांगतो. माझ्या घरातली बाई दिवाळीत नवं पातळ नेसून दुसऱ्या बाईची बांगडी फुटताना बघायला नाही येणार. कुणाच्याच घरातली नाही येणार. अपशकुन वाटतो. नवरा परत आणा.”

माणिक भांडली. रडली नाही, भांडली. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. जुलूम नाही, ते म्हणाले. तुम्हाला नसेल करायचं तर दुसरा कोणी दोन दिवसांत करून देईल, मग पडद्यावर त्याचंही नाव टाकावं लागेल. किंवा फितीचे डबे इथंच राहतील, माझी काही हरकत नाही. दुकानदार जसा दोन ठाणं पुढ्यात टाकतो आणि गप्प बसतो, तसे ते बसले.

घरी येऊन माणिक दोन दिवस बाहेर पडली नाही. अनुपमाची सासू, शेठच्या घरातली बाई, थिएटरवाल्यांची गिऱ्हाइकं, या सगळ्यांच्या बांगड्या किती जपाव्या लागतात, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण डब्यात पडलेला बोलपट कुणाचाच नसतो, आणि मथुरेचं जे व्हायचं ते तर होऊन गेलंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. त्याच किनाऱ्यावर, त्याच होडीपाशी तिनं नवा शेवट काढला. लांबून एक शीड येतं, नवरा उडी मारून पाण्यातून चालत येतो, अनुपमा भरल्या हातांनी त्याच्याकडे धावते. अनुपमानं काम छान केलं. मथुरेच्या हातांचा तुकडा माणिकनं टेबलावर स्वतः कात्रीनं कापला. लवू म्हणाला होता मी कापतो. तिनं त्याला कापू दिला नाही.

पार्वती दारावर आली की विचारायची, कवा लागनार? माणिक म्हणायची, लागेल तेव्हा सांगेन. सांगायचं तिनं टाळलं. दिवाळीत अंधेरीच्या थेटरात ‘दर्याचं देणं’ लागला, स्टेशनबाहेर भिंतीवर होडीचं चित्र चिकटलं, आणि ते पार्वतीला दिसायचं राहणार थोडंच होतं.

पहिल्याच रविवारी कोळीवाडा लोटला. माणिक रोज थेटरात जाऊन मागच्या दाराशी उभी राहायची, लोक कुठं हसतात, कुठं गप्प होतात ते बघायला. त्या दिवशी तिनं पुढच्या रांगांत अबोलीचे गजरे पाहिले आणि दाराच्या कडीला हात घातला. गजऱ्यांच्या मधोमध एक डोकं बिनगजऱ्याचं होतं. निघून जावं असं वाटलं. पण पडद्यावर नावं सुरू झाली, आणि ‘कथा, संवाद, दिग्दर्शन: माणिक नेरूरकर’ हे आलं. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते अक्षरशः डोळ्यांपुढे होतं, आणि माणिक त्या बिनगजऱ्याच्या डोक्याकडे बघत होती.

शेवटी शीड दिसलं. कोळ्यांनी शिट्ट्या मारल्या. नवरा पाण्यातून चालत आला, बायका हसल्या, रडल्या, टाळ्या वाजल्या. दिवे लागले. लोक उठले तरी मथुरा पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली होती. पार्वतीनं तिला दंडाला धरून उठवलं. बाहेर सोडावाल्याच्या गाडीपाशी त्यांनी माणिकला गाठलं.

“बाय, माजे हात कवा आयले?” मथुरेनं विचारलं. “मी डोला पन मिटला नाय.”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. तुझी नजर हलली तेवढ्यात निघून गेले, असं म्हटलं असतं तर मथुरेनं मानलं असतं. माणिकच्या जिभेवर वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं.

“नाही आले. तो भाग कापला.”

“कोनी कापला?” पार्वतीनं विचारलं.

“मी.”

 मथुरेनं थेटराच्या दाराकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, “तुज्या शिनेमातला आयला ना घरी?”

“हो.”

“मंग माज्या कशाला फोरल्या?”

 मथुरेनं थोडी वाट पाहिली. मग दोघी बाकीच्यांबरोबर वर्सोव्याच्या रस्त्याला लागल्या. मथुरेचे दोन्ही हात मोकळे होते, आणि चालताना ते तिच्या अंगालगत नुसते हलत होते.

दुसऱ्या दिवशी माणिक स्टुडिओत जाऊन तो तुकडा शोधत बसली. निदान एवढा तरी मथुरेला नेऊन दाखवावा, दिव्यासमोर धरून का होईना. लवूनं सांगितलं, कापलेल्या फिती महिन्याकाठी भंगारवाला वजनावर उचलून नेतो. त्यातली चांदी काढून घेतात, उरलेल्या मालाचं काहीबाही करतात, कोणी म्हणे कंगवे, कोणी म्हणे बांगड्या. 

बोलपट बरा चालला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, स्त्रीच्या हळव्या मनाचा स्पर्श प्रत्येक दृश्यात जाणवतो. नंदकिशोर शेठनी दुसरी गोष्ट मागितली. माणिक पाट टाकून बसली. जे लागायचं ते कामाला लावायची तिची सवय होती, आणि एवढं कधी काही लागलं नव्हतं. पण कागदावर पहिलं वाक्य लिहून ती मोठ्यानं वाचायची आणि जीभ अडखळायची. दुसरं वाक्य, तेच. असे महिने गेले. शेठनी दुसरा लेखक शोधला. दिवाळी अंकांची पत्रं येत राहिली, मग कमी झाली, मग ‘श्रीयुत’ लिहिणारेही थांबले. पुढे ती गल्लीतल्या मुलींच्या शिकवण्या घेऊ लागली. बायकांनी ओठ मुडपणं सोडून दिलं, ही सगळ्यांत वाईट गोष्ट.

मासळी श्यामसुंदर स्टेशनजवळच्या बाजारातून आणायला लागला. त्या रात्री जेवताना विचारलेला प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही, पण सरंगाही पुन्हा आणला नाही.

पार्वती अजून पार्ल्याला येते. सकाळी गल्लीच्या तोंडाशी तिची हाक उठते, ‘म्हावरा घे गो बाऽय’, आणि एकेका दारावरून जवळ येत जाते. माणिक भात वैरता वैरता थांबते. हाक अलीकडच्या घराशी बंद पडते. मग पाटी सावरत जाणाऱ्या अनवाणी पायांचा आवाज दारावरून जातो, आणि पलीकडचं घर आलं की हाक पुन्हा सुरू होते.